बसले होते गं

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी माझी समजूत काढायला येणार नाही. मशीन बरोबर होतं. आईने आणि मी, आम्ही दोघींनी मिळून ते बिघडवलं.

मी फिजिओथेरपिस्ट. सोळा वर्षं लोकांचे गुडघे वाकवले, खांदे फिरवले, "अजून दहा वेळा" म्हणून त्यांच्या शिव्या खाल्ल्या. एकेचाळिसाव्या वर्षी डोक्यात किडा वळवळला आणि डिजिटल तंत्रज्ञानाच्या आंतरशाखीय पदव्युत्तर अभ्यासक्रमाला नाव घातलं. आंतरशाखीय म्हणजे काय, तर ज्याला शरीर कळतं त्याला कोड कळत नाही, ज्याला कोड कळतो त्याला माणूस कळत नाही. मग दोघांना एका टेबलाशी बसवायचं आणि दोन वर्षांत काहीतरी उपयोगाचं करून दाखवा म्हणायचं. माझ्या वाट्याला आलेला गृहस्थ पन्नाशीचा होता. एका गोदामाच्या कॉम्प्युटरवर वीस वर्षं काढून कंटाळून आलेला. दिवसाला मोजून दहा वाक्यं बोलायचा. मी पहिल्याच आठवड्यात त्याचं नाव मौनीबाबा ठेवलं, आणि त्याला ते कळल्यावरही तो काही बोलला नाही.

आमचा प्रकल्प होता एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी. मनगटाला पट्टा बांधायचा. माणूस पडलं की पट्ट्याला कळायचं आणि माझ्या फोनवर लाल ठिपका यायचा. सगळं ठीक असलं की हिरवा. शिवाय पट्ट्यावर एक बटण, गरज लागली तर स्वतः दाबायला. सहा घरं आम्ही निवडली. त्यातलं एक माझ्या आईचं.

आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. तिने टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बत्तीस वर्षं ऑपरेटरची नोकरी केली होती. बाबा गेल्यापासून तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटी राहायची. दोन वर्षांपूर्वी जिन्यात पडली आणि मनगट मोडलं, तेव्हा दादा आणि वहिनी तिला आपल्या गावी घेऊन गेले. तीन आठवड्यांत परत आली.

"त्यांनी काही त्रास दिला का?" मी विचारलं होतं.

"छे गं. फार जपतात. पाणी प्यायला उठले तरी दोघं धावत येतात. मला तिथे स्वतःचा कपसुद्धा नव्हता."

दादाने तेव्हाच निक्षून सांगितलं. "यापुढे एकदा जरी पडली, तरी चर्चा बंद. घराला कुलूप आणि आमच्याकडे." मी आईची बाजू घेऊन तावातावाने भांडले. शेवटी तोडगा माझाच. मी पट्टा बांधते, पट्टा सांगेल ती पडते की नाही. दादा म्हणाला, "ठीक आहे. तुझ्या मशीनवर सोडलं."

आईने पट्टा निमूटपणे बांधून घेतला. कॅमेऱ्याला मात्र साफ नकार. "मी काय दुकान आहे का, चोर शिरतील म्हणून नजर ठेवायला?"

आता मशीन शिकतं कसं ते सांगायला हवं, कारण सगळी गोम तिथेच आहे. पट्ट्याला फक्त हालचाल कळते. हात वेगाने खाली आला आणि मग माणूस स्थिर झालं, एवढंच. ते पडणं होतं की धपकन बसणं, हे कोणीतरी त्याला सांगावं लागतं. म्हणून लाल ठिपका आला की मी लगेच फोन करायचा, काय झालं ते विचारायचं आणि फाइलमध्ये त्या वेळेसमोर एक शब्द लिहायचा. पडली किंवा बसली. त्या शब्दांवरून पट्टा ज्याच्या हाताला, त्याच्या सवयी शिकत जायचा. आम्ही लिहू ते त्याच्यासाठी सत्य.

पहिल्याच आठवड्यात आईचा ठिपका लाल झाला. फोन लावला. पाच-सहा वेळा वाजला.

"हॅलो, बोला." तोच आवाज. सपाट, स्वच्छ, एक्स्चेंजमधला. कोणी पलीकडून रडत असलं, ओरडत असलं, तरी ऑपरेटरचा आवाज हलता कामा नये, हे तिच्या हाडात भिनलेलं होतं.

"आई, काय करत होतीस आत्ता?"

"बसले होते गं. कपाटाचा खालचा खण आवरत होते."

"धपकन बसलीस का?"

"या वयात कोण अलगद बसतं?"

मी सुटकेचा श्वास टाकला आणि लिहिलं, बसली.

मग चार दिवसांनी पुन्हा. मग दोन दिवसांनी. कधी बूट घालायला बसलेली, कधी खाली पडलेलं चष्म्याचं घर शोधायला. एकदा तर मी वर्गात होते, ठिपका उशिरा पाहिला, तोवर चाळीस मिनिटं हालचालच नव्हती. फोन घेतला तोही बऱ्याच वेळाने.

"अगं, बसल्याबसल्या डोळा लागला."

"जमिनीवर?"

"गार वाटतं."

लिहिलं, बसली. खरं सांगायचं तर माझं डोकं आईवर नाही, मशीनवर सणकत होतं. परीक्षकांसमोर जायला दोन महिने उरलेले, बाकी पाच घरांत सगळं सुरळीत, आणि माझ्या स्वतःच्या आईच्या घरी हे मशीन ऊठसूट बोंबलतंय. एकदा मी फोनवर तिच्यावर खेकसलेसुद्धा. "आई, जरा हळू बसत जा ना! तुझ्यामुळे माझे सगळे आकडे बिघडतायत."

ती म्हणाली, "बरं. जपून बसेन."

असे सोळा लाल ठिपके आले. सोळाच्या सोळा मी बसली म्हणून लिहिले. पट्टा हुशार होता, शिकला. हळूहळू लाल व्हायचा थांबला. आईच्या बाबतीत वेगाने खाली येणं म्हणजे बसणं आणि बराच वेळ न हलणं म्हणजे डुलकी, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं. मी खूश. आमची अचूकता शंभरात शहाण्णव झाली.

एका दुपारी प्रयोगशाळेत मौनीबाबांनी खुर्ची माझ्याकडे सरकवली. हेच मुळात नवल.

"ताई, तुमच्या आईंच्या ओळी पुन्हा एकदा विचारून घ्याल का?"

"का? काय झालं?"

"हे आकडे बसण्यासारखे वाटत नाहीत. बसताना माणूस आधी हात टेकतो. इथे हात टेकलेलाच नाही."

मी सोळा वर्षं माणसांना बसायला-उठायला शिकवलेली बाई. हात टेकण्याचं मला हा गोदामवाला शिकवणार! माझा पारा चढला. "म्हणजे माझी आई खोटं बोलते, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"तसं नाही."

"मग कसं?"

त्यांनी चष्मा पुसला, खुर्ची मागे नेली आणि पुन्हा टाइप करायला लागले. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही, आणि मीही तो डोक्यातून काढून टाकला. आज मला कोणी विचारलं की तुझ्या हातून नेमकी चूक कधी झाली, तर मी त्या दुपारकडे बोट दाखवेन. आकडे वाचणारा माणूस समोर बसून सांगत होता आणि मी मुलगी म्हणून उत्तर दिलं.

सादरीकरण होतं अकराला. आदल्या संध्याकाळी आईला फोन करून सांगितलं होतं, उद्या तुझा ठिपका मोठ्या पडद्यावर झळकणार आहे. "मग मी नीट केस विंचरून बसते," ती म्हणाली. हसलो दोघी.

तीन परीक्षक होते. मौनीबाबांनी आकडे सांगितले, मी माणसं सांगितली. शेवटी मी पडद्यावर सहा घरं दाखवली. सहाही हिरवी. आईच्या घरावर बोट ठेवून म्हणाले, "ही माझी आई. सकाळपासून एका जागी बसली आहे. शब्दकोडं सोडवत असणार, ते सुटल्याशिवाय ती उठत नाही." परीक्षक हसले. त्यातल्या बाई म्हणाल्या, "किती निश्चिंत वाटत असेल ना तुम्हाला!" मी हो म्हटलं. अगदी मनापासून म्हटलं.

सव्वा बाराला बाहेर पडले. आईला फोन लावला, उचलला नाही. ठिपका हिरवा होता, म्हणून मी रमतगमत गेले. वाटेत तिच्यासाठी फुलंसुद्धा घेतली. हे मी मुद्दाम सांगते आहे. फुलं निवडण्यात माझी दहा मिनिटं गेली.

माझ्याकडच्या किल्लीने दार उघडलं. आई पलंग आणि न्हाणीघराच्या मधे जमिनीवर होती, कुशीवर, उजवा हात अंगाखाली दाबला गेलेला. केस विंचरलेले. पाय जसा वळला होता तो पाहूनच मला कळलं, खुब्याचं हाड गेलंय. डाव्या मनगटावरच्या पट्ट्याचा दिवा हिरवा लुकलुकत होता.

"आई! कधीपासून?"

"दहा वाजायच्या आधी." ओठ सुकलेले, पण आवाज तोच. "झालं का तुझं? काय म्हणाले?"

"अगं बटण का नाही दाबलंस? बटण होतं ना!"

"अकराला तुझं होतं. सगळ्यांसमोर लाल झालं असतं. म्हटलं, बाराला दाबू. मग उजवा हात बधिर झाला. सुटेचना."

मी तिथेच तिच्याशेजारी जमिनीवर बसले आणि अॅम्ब्युलन्स येईपर्यंत लहान पोरीसारखी रडले. ती मात्र फुलं पाण्यात ठेव म्हणून सांगत होती.

दवाखान्यात दोन दिवस तिला ऑपरेशनसाठी तयार करत होते. दादा रातोरात येऊन पोचला होता. माझ्याशी एक शब्द बोलत नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी आई जरा हुशार वाटली. तेव्हा मी फाइल उघडली. का उघडली? स्वतःला शिक्षा करायची होती म्हणा, नाहीतर खोड म्हणा. वाचायला लागले.

"तीन तारीख. सकाळी दहा वीस. कपाटाचा खण."

आईने डोळे मिटले. मग ती एक्स्चेंजमध्ये नंबर जोडून द्यावा तशी म्हणाली, "पडले होते."

"सात तारीख. चष्म्याचं घर."

"तेव्हाही."

"नऊ तारीख. बूट."

"नाही, तेव्हा खरंच बसले होते."

दादा खिडकीशी उभा होता, तो वळला. मी वाचत गेले. चाळीस मिनिटांची डुलकी ही डुलकी नव्हती. पडल्या जागी तिला हलताच येत नव्हतं, आणि मी फोन केला तेव्हा ती पलंगाचा पाय धरून, सरपटत टेबलापर्यंत आली होती. श्वास सारखा करून, मगच तिने फोन उचलला होता. सोळांपैकी नऊ वेळा ती पडली होती.

"नऊ वेळा?" दादाचा आवाज फाटला. "आई, नऊ वेळा पडलीस आणि आम्हाला..."

"तुम्ही घराला कुलूप लावलं असतं," आई म्हणाली. तो खुर्चीत बसला आणि तोंड झाकून रडला. भांडायचं त्याच्या मनात होतं, पण कोणाशी भांडणार?

एक ओळ उरली होती. सतरावी. परवाची. तिच्यासमोर पट्ट्याने लाल ठिपकाच दिला नव्हता. मशीनने आपलं आपणच लिहून टाकलं होतं, बसली.

"आई, ही पण बदलते."

"ती राहू दे."

"अगं, पण..."

"तेव्हा तुझी परीक्षा चालली होती. तू सगळ्यांना सांगितलंस ना, मी बसले आहे म्हणून?" तिने डावा हात माझ्या हातावर ठेवला. "मग बसले होते गं. राहू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला आत नेलं. ऑपरेशन नीट झालं, हाड जुळलं, असं सर्जन म्हणाले. हृदयाने साथ दिली नाही. मी आणि दादा बाहेरच्या बाकावर एकमेकांपासून दोन हात दूर बसलो होतो. मग तो सरकून माझ्याजवळ आला. घर त्याने अजून रिकामं केलेलं नाही. कुलूप मात्र लावलं आहे.

महिन्याभराने मी विद्यापीठात गेले आणि सगळं सांगितलं. निकाल रद्द करा म्हटलं. आमचे मार्गदर्शक सर गंभीर झाले, मग हळूहळू त्यांचा चेहरा उजळला. मला तो उजळलेला चेहरा अजून दिसतो. म्हणाले, "असं करू नका. दुरुस्त फाइल जोडा आणि यावरच एक प्रकरण लिहा. माणूस घर सुटण्याच्या भीतीने खोटं सांगतो आणि मशीन तेच खरं मानून शिकतं, हीच तर तुमच्या कामातली सगळ्यात मोलाची गोष्ट आहे."

मी लिहिलं. नऊ ओळींवर बसली खोडून पडली केलं. आमची अचूकता शहाण्णववरून कितीतरी खाली आली, आणि त्या प्रकरणाला सगळ्यात जास्त गुण मिळाले. पदवीचा कागद आला, तो मी अजून पाकिटातून बाहेर काढलेला नाही. कोणाला दाखवू?

फाइल जमा करण्याआधी मौनीबाबांनी ती शेवटची एकदा तपासली. मी शेजारीच बसले होते. एकेक ओळ करत ते खाली आले. सतराव्या ओळीशी थांबले. दोन तास पस्तीस मिनिटं, हालचाल नाही, समोर शब्द, बसली. बोट त्या ओळीवर बराच वेळ होतं. त्यांना ती चूक दिसली नाही, असं होणं शक्य नव्हतं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग फाइल बंद केली आणि पाठवून दिली.