माझ्या वाटणीचा पालापाचोळा

मी एक जुना गाळ आहे, कोपरच्या खाडीकाठचा. मित्रांनो, नाकाला रुमाल लावण्याआधी माझं थोडं ऐकून घ्या. आज माझं डोकं फिरलेलं आहे आणि त्याला कारण माझा सख्खा धाकटा भाऊ. तोही गाळच. पण तो राहतो वर डोंगरात, धरणाच्या भिंतीमागे, आणि बसल्या जागी खातो.

आम्ही दोघं एकाच डोंगराची लेकरं. पावसाळ्यात ओढे मातीचे कण सोडवून आणत. त्या कणांना चिकटून कुजका पाला यायचा, गवत यायचं, झाडांच्या साली, गुरांचं शेण, सगळं यायचं. नदी ते इथवर आणून माझ्या अंगावर पसरायची. शिकलेली माणसं या सत्त्वाला सेंद्रिय कर्ब म्हणतात. मी त्याला जेवण म्हणतो. मी जेवलो की माझ्यातले किडे जेवायचे आणि निवट्या धष्टपुष्ट व्हायच्या. निवटी म्हणजे चिखलात बीळ करून राहणारा आणि चिखलावर टुणकन उड्या मारणारा मासा.

आणि निवट्या असल्या की मनुबाई यायची. ही इथल्याच कोपर गावची कोळीण. ओहोटी लागली की गुडघाभर चिखलात उतरते. निवटीच्या बिळाला दोन तोंडं असतात. मनुबाई एकावर टाच दाबून धरते आणि दुसऱ्यात हात घालते. तिच्या हातच्या निवट्यांच्या कालवणाचं गावभर नाव होतं. त्यातलं निम्मं कौतुक माझं, असं मी मनोमन धरून चालायचो.

मग धरण झालं. धरणाला मी नावं ठेवत नाही. तिकडे दिवा गावात बायका हंडे घेऊन टँकरची वाट बघतात, त्यांना पाणी नको का? पण पाणी भिंतीपाशी थबकलं आणि त्यातला गाळ पाल्यापाचोळ्यासकट तळाला बसला. सगळं जेवण भावाच्या पानात! माझ्या वाट्याला नितळ पाणी, गटारातला मळ आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या. निवट्या वर्षागणिक कमी होत गेल्या. त्या संपल्या तर मनुबाई उतरायची थांबेल, आणि मला विचारणारं या जगात दुसरं कोणीही नाही.

मध्यंतरी कॉलेजची संचिता लांब नळी घेऊन आली. नळी माझ्या पोटात खुपसून तिने थोडा गाळ वर काढला आणि काठावरच्या मनुबाईला दाखवला. खालचा थर काळा होता, वरचा फिकट.

"मावशी, खालचा जुना आहे, त्यात भरपूर कर्ब आहे. आता तो सगळा धरणात अडकतो. तिथला गाळ बघा ना, काय मस्त काळाभोर आहे!"

मस्त? माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मनुबाईच्या घरची माणसं तरी माझी बाजू घेतील म्हटलं, तर तिचा मुलगा कान्हा म्हणतो कसा, "मग तोच आणून टाकला तर?"

"असा नाही टाकायचा, दादा. तो..." संचिता सांगत होती, पण कान्हाचा फोन वाजला आणि तो बोलत बोलत पुढे निघून गेला.

उन्हाळ्यात धरणाचा तळ उघडा पडला होता. तिथून लोक शेतासाठी गाळ नेत होते. कान्हाने टेम्पो भरून आणला. त्याच्या आज्याची भातशेती होती. शेतात खताचे ढीग घालतात तसेच त्याने भर ओहोटीला माझ्यावर ढीग घातले आणि फावड्याने पसरून दिले. मनुबाई तेव्हा डोंबिवलीच्या बाजारात मासे विकायला बसली होती.

आणि भाऊ माझ्या उरावर येऊन बसला. इतकी वर्षं माझ्या वाटणीचं खाल्लं आणि आता माझ्याच डोक्यावर मिरे वाटायला आला! लोण्यासारखा मऊ होता मेला. बघूनच माझा जळफळाट झाला. पण माझ्या पोटात निवट्या धडपडत होत्या. त्यांची बिळं दोन्ही तोंडांनी बुजली होती.

मनुबाई घरी न जाता पाटी घेऊन तशीच इकडे आली. तिने बघितलं आणि पाटी टाकून दिली.

"काय केलास रं कान्हा! अरं, आत जीव हायत!"

"आई, खत हाय ते. निवट्या वाढतील..."

"कोंडून मारलास त्यांना! दिपिकाला बोलाव. घमेली आण. हातानं काढ, फावडं लावू नको!"

सून दिपिका धावत आली. भरती चढत होती. तिघं कोपरापर्यंत हात घालून भावाला खरवडत होती. मनुबाई बिळाचं तोंड बोटाने मोकळं करायची आणि वाट बघायची. कुठे डोळे वर यायचे, कुठे काहीच यायचं नाही. बऱ्याच निवट्या गेल्या. कान्हा रडत होता आणि खरवडत होता.

घमेल्यातला गाळ दिपिकाने दारातल्या मिरचीला नेला. मनुबाईने मला कधी घरी नेलं नव्हतं. त्या क्षणी मी भावाचा सगळ्यात जास्त द्वेष केला.

काठावर उरलेला त्याचा थोडा भाग भरतीने उचलला आणि पाण्यात कालवून माझ्यावर पसरला. पातळ, कागदाएवढा. मी चाखून बघितलं. अगदी डोंगराची चव होती. दुसऱ्या ओहोटीला एक निवटी बिळातून आली आणि तो थर चाटू लागली. मनुबाई काठावरून बघत होती. चिखलात न उतरता ती कान्हाला म्हणाली, "असा आला पायजे. पाण्यातनं, जरा जरा."

मित्रांनो, धरण फोडा असं मी म्हणत नाही. पण भर पावसात पाणी सोडता ना, तेव्हा तळाचं दारही थोडं उघडत जा. नदीला आमची ने-आण करू द्या. भाऊ मला अजून आवडत नाही, खोटं कशाला बोलू? पण आधी मला जेवू द्या. उपाशी पोटी भावावर माया करता येत नाही.