आधी लाल

फर्रर्र.

खारू नुकती कुठे झोपली होती आणि घर चिडीचूप झालं होतं. तिची आई नळ बारीक धारेवर ठेवून, पेल्याला पेला लागू न देता भांडी विसळत होती. तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून तो आवाज आला. जरा थांबून पुन्हा एकदा, फर्रर्र. पत्ते पिसावेत तसा, पण जाडसर.

सासूबाईंनी शेडकार्डाचा पंखा उघडला होता.

रंगाच्या दुकानात असतो तो पंखा. शेकडो पट्ट्या एका टोकाला खिळ्याने जोडलेल्या, पट्टीवर रंगाचे चौकोन आणि प्रत्येक चौकोनाखाली त्याचं नाव. सासूबाईंची सगळी नोकरी त्या पंख्याच्या संगतीत गेली. गिऱ्हाईक रुमालात भिंतीचा पोपडा बांधून आणायचं आणि म्हणायचं, "डिट्टो असाच हवा." सासूबाई तो पोपडा घेऊन दुकानाच्या पायरीवर जायच्या, उजेडात एकदा बघायच्या आणि आत येऊन पांढऱ्या डब्यात थेंब टाकायला लागायच्या, काळ्याचा, पिवळ्याचा, नुसता वास लागेल इतकाच तांबडा. पुढे दुकानात रंग मिसळायचं मशीन आलं, तरी मशीनमधून निघालेला डबा मालक आधी त्यांच्यापुढे धरायचा. "काय म्हणता?" तो विचारायचा. "ओला आहे अजून," त्या म्हणायच्या. "ओला रंग थापा मारतो. वाळू द्या, मग विचारा."

खारूची आई ड्रायव्हिंग स्कूलमध्ये सकाळच्या पाळीला गाडी शिकवायची, म्हणून घरात तिचं नाव मास्तरीण. नाव ठेवलं सासूबाईंनी. नवऱ्याने ते लगेच उचललं, कारण झोपेतसुद्धा हिचा उजवा पाय ब्रेक दाबतो, अशी त्याची जुनी तक्रार होती.

लग्नाआधी मास्तरीण या घरी एकदाच आली होती. अंगात बहिणीचा जुना स्वेटर, धड निळा नाही की धड करडा नाही. लग्न होऊन राहायला आली, तर तिच्या खोलीच्या भिंती त्याच रंगाच्या. तिने तो स्वेटर मुद्दाम मागवून घेतला आणि भिंतीला लावून पाहिला. बाही कुठे संपते आणि भिंत कुठे सुरू होते, ते कळेना.

"आई, तुम्ही तर एकदाच पाहिला होतात!"

"मग? एकदा बघायला कितीदा बघावं लागतं?"

त्या दिवसापासून मास्तरीण सासूबाईंवर जीव टाकत आली होती. आणि त्या दिवसापासूनच त्यांच्यासमोर विटलेला गाऊन घालायची तिची टाप नव्हती.

अशा सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी मागेच स्पष्ट सांगितलं होतं. पडद्याचा मधला भाग झिजत चाललाय. कडा राहतील, मधलं धूसर होत जाईल, रंग विटत जातील. किती वेगाने, ते कुणालाच सांगता यायचं नाही. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, गाडीत येऊन बसल्या, पट्टा लावला आणि म्हणाल्या, "मला वाळवंट बघायचंय."

"पाणी देऊ का, आई?" मास्तरणीने घाबरून विचारलं.

"तहान नाही लागली गं. त्या पंख्यात वाळवंटाच्या नावाचे किती रंग आहेत माहितेय? वाळवंटी सांज, तापली दरी, वाळूची लाट. लोकांच्या निजायच्या खोल्यांना मी ते लावायला दिले आणि छातीठोकपणे सांगितलं, हुबेहूब तसाच आहे म्हणून. मी कुठे पाहिलंय वाळवंट? एकदा जाऊन बघू दे तरी, खरं बोलले की थापा मारल्या."

घरी येऊन त्यांनी खारूलाही सांगून टाकलं. मोज्याला मधेच भोक पडतं ना, तसं आजीच्या बघण्याला पडतंय. मधलं जाणार, कडेचं राहणार. खारूने पायातला मोजा काढून त्यातून एका डोळ्याने बघितलं आणि "बरं" म्हणाली.

वाळवंटातली चार राष्ट्रीय उद्यानं ठरली. एक पांढऱ्या वाळूच्या टेकड्यांचं, एक निवडुंगांचं, एक दगडी कमानींचं आणि एक लाल दरीचं. इथपर्यंत कुणाचं काही म्हणणं नव्हतं. जुंपली ती कुठून सुरुवात करायची यावरून. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि याला वर आणि खाली सोडून दिशा ठाऊक नाहीत, असं सासूबाईंचं मत होतं. तरी त्याने नकाशावर एक सुटसुटीत गोल काढला होता. लाल दरी सगळ्यांत जवळ, म्हणून पहिली. मग कमानी, मग निवडुंग, शेवटी पांढरी वाळू आणि सरळ घर.

"सपशेल उलटं," सासूबाई म्हणाल्या होत्या. "फिक्यावरून गडदकडे जायचं. आधी लाल बघितला की पुढे ठेवलेला पांढरा हिरवट दिसतो. दुकानात पाऊल टाकलं त्या दिवशी शिकलेली गोष्ट आहे ही. मी काय हिरवी वाळू बघून परत येऊ?"

"आई, गाडी चालवायचीय, भिंत नाही रंगवायची! तुझ्या हिशेबानं गेलो तर आपण त्या दरीच्या दारावरून पुढे जाणार आणि सगळं वाळवंट पालथं घालून पुन्हा तिच्याच दारात येणार."

"मग दारावरून जाताना मी डोळे मिटून घेईन. तुला काय त्रास आहे?"

शेवटी आईपुढे त्याने हात टेकले. थंडी सरत आली होती आणि ऊन चढलं की तिकडे माणूस भाजून निघतो, म्हणून जायचं ते पुढच्या थंडीत, असं मात्र त्याने ठरवून घेतलं. तोवर भरपूर रजा साठेल, गाडीची डागडुजी होईल, खारूही जरा मोठी होईल. सगळं शहाणपणाचं होतं आणि कुणालाच ते खोडता आलं नव्हतं.

मास्तरीण हात पुसत बाहेरच्या खोलीत आली. टेबलावर नकाशा पसरला होता. तो गुंडाळला जाऊ नये म्हणून कोपऱ्यांवर साखरेचा डबा, चष्म्याचं घर, खारूचा एक बूट आणि गोंदाची बाटली. जुन्या पंख्यातून एकेक चौकोन कातरून सासूबाई तो ज्याच्या त्याच्या उद्यानावर चिकटवत होत्या.

"या मास्तरीणबाई. माझा मार्ग पक्का झाला. आता त्या लिफ्टवाल्याला बोलाव, त्याचं तोंड बघायचंय मला."

लिफ्टवाला खाली गाडीच्या पोटाखाली शिरला होता. खिडकीतून त्याचे दोन बूट तेवढे दिसत होते.

मास्तरीण नकाशावर वाकली. पांढऱ्या वाळूवर दुधाळ चौकोन, पण त्यात पिवळ्याची इतकी हलकी झाक की वाळू खरंच हाताला लागेल असं वाटावं. निवडुंगांवर राखेत मिसळल्यासारखा हिरवा. कमानींवर उतरत्या उन्हाचा नारिंगी. न बघितलेल्या जागा या बाईंनी नुसत्या ऐकीव माहितीवर जुळवल्या होत्या, आणि मास्तरणीला वाटलं, आत्ता गाडी काढावी.

मग तिची नजर लाल दरीवर गेली.

तिथे तपकिरी होता. मळका, थंड, दालचिनीच्या सालीसारखा तपकिरी. आपलीच सावली पडली असेल म्हणून ती बाजूला सरकली. रंग हलला नाही. नावाची पट्टी कातरताना खाली गेली होती, ती सासूबाईंच्या पायाशी पडलेली.

"झकास तापलीय ना दरी?" सासूबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा फुलला होता.

बोलायचं की गप्प बसायचं? त्या शौचाला किंवा फोनला उठल्या की चौकोन गुपचूप बदलता आला असता. शिकवण्याच्या गाडीत तिच्याही पायाखाली एक ब्रेक असायचा. नवीन मास्तर तो हळूच दाबतात, गाडी थांबते, आणि शिकणाऱ्याला वाटतं आपणच थांबवली. मास्तरणीला या गोष्टीची चीड होती. असं लाडानं शिकवलेलं माणूस पुढे एकटं रस्त्यावर आलं की आपटतं. ती ब्रेक दाबायची तेव्हा सांगून दाबायची.

"आई," ती म्हणाली, "हा लाल नाहीये."

सासूबाईंचा कात्रीचा हात तसाच राहिला. मग त्यांनी नखाने तो चौकोन सोडवला, उठल्या आणि खिडकीशी गेल्या. मान किंचित वळवून, चौकोन नाकासमोर न धरता बाजूला धरून, त्यांनी तो डोळ्याच्या कडेने बघितला. हल्ली त्या अशा तिरप्या बघायच्या ते मास्तरणीने पाहिलं होतं. तिला वाटलं होतं, मान आखडली असेल.

"दालचिनी," सासूबाई म्हणाल्या. "स्वयंपाकघरांना खपायचा हा."

"तुम्ही असं कडेनं..."

"शिकतेय. रोज सकाळी पंखा घेऊन बसते. मधलं सोडून जाणार म्हणतंय, तर कडांना कामाला नको लावायला? मोठा आळशी भाग आहे तो, आयुष्यभर नुसता बसून खाल्लंय." त्या हसल्या. गोंदाच्या बाटलीचं झाकण मात्र त्यांना पटकन लावता येईना. "बरं झालं, गिऱ्हाईक घरचं निघालं. बाहेरचं असतं तर अख्खी खोली पुन्हा रंगवून द्यावी लागली असती."

मास्तरणीने झाकण लावायला हात पुढे केला आणि मागे घेतला. ते त्यांनीच लावलं.

"माझ्यावर रागावलात?"

"रागावेन कशी? मालकानंही मला कधी तोंडावर चूक सांगितली नाही. त्याला वाटायचं, बाईंना वाईट वाटेल. तू सांगितलंस." त्या नकाशासमोर बसल्या. मग एकेक चौकोन सोडवून काढायला लागल्या. "बोलाव त्याला."

खारू झोपली होती, तेव्हा हाक मारायची सोय नव्हती. मास्तरणीने दोरीवरचा कपड्यांचा चिमटा काढला आणि नेम धरून त्या बुटांवर मारला. खालून एक शिवी ऐकू आली, मग ती बायकोला द्यायची नसते हे आठवून अर्ध्यावरच थांबली. थोड्या वेळाने नवरा ग्रीसने माखलेले हात अंगापासून लांब धरून दारात उभा राहिला.

"काय झालं? कुणाची लिफ्ट अडकली?"

"पुढच्या थंडीत नाही जायचं," सासूबाई म्हणाल्या. "आता जायचं. ऊन चढायच्या आत. आणि सुरुवात दरीपासून."

"म्हणजे माझा मार्ग!" त्याचा चेहरा उजळला. "बघ मास्तरीण, मी तुला म्हणत नव्हतो? उशिरा का होईना, पण या घरात..." टेबलावरचा तो सुटा तपकिरी चौकोन त्याला दिसला. त्याने बायकोकडे पाहिलं. रंग जुळवणाऱ्या आईच्या हाताखाली वाढलेला मुलगा तो, दालचिनी कोणती आणि लाल कोणता हे त्याला शाळेत जायच्या आधीपासून कळत होतं.

"आई, अगं, गाडीच्या पाण्याचा पाइप जायला आलाय," तो म्हणाला. "आणि साहेब आत्ता रजा देईल असं नाही वाटत. आणि तूच म्हणाली होतीस ना, आधी लाल पाहिला तर पांढरी वाळू हिरवी दिसेल."

"दिसू दे. हिरवी वाळू कुणाच्या नशिबात असते?"

"आयुष्यभर फिक्यावरून गडदकडे, फिक्यावरून गडदकडे करत माझं डोकं खाल्लंस."

"दुकानात रंग उद्याही असतो रे," सासूबाई म्हणाल्या. "म्हणून तिथं तसं परवडतं."

त्याने ग्रीसच्या हाताने डोकं खाजवलं. कपाळावर काळा पट्टा उमटला, पण कुणी त्याला हसलं नाही. "पाइप आजच टाकतो," तो म्हणाला. "साहेबाचं मी बघतो. नाहीच म्हणाला तर त्यालाच लिफ्टमध्ये अडकवून ठेवतो." आणि जिना उतरून गेला. नेहमी तो जिन्यात शीळ घालायचा. आज घातली नाही.

"गाडी मी चालवेन, आई," मास्तरीण म्हणाली. "तुम्ही माझ्या शेजारी बसा. दरी आली की मी सांगते."

"तुझ्या शेजारी बसायचं म्हणजे माझाही पाय ब्रेक दाबून दाबून दुखणार." सासूबाईंनी तिच्या मनगटावर हात ठेवला आणि तो जरा जास्त वेळ राहू दिला. "आणि सांगायचं नाही हं. मला कळेल. नाही कळलं, तर मग सांग."

आत पलंग करकरला. खारू उठून आली, गालावर उशीची वळी, दुसऱ्या गालात झोपताना लपवलेला बिस्किटाचा तुकडा. या सवयीपायीच तर तिचं नाव खारू पडलं होतं.

"बरी आलीस," सासूबाई म्हणाल्या. "आजीला या पंख्यातून सगळ्यांत लाल लाल काढून दे बघू."

खारूने खुर्चीवर चढून पंखा ओढला. फर्रर्र. जीभ बाहेर काढून ती पट्ट्या उलटत गेली, एका पट्टीवर थांबली, "हा नाही, हा तर रुसलेला लाल आहे," म्हणाली आणि पुढे गेली. मग एका चौकोनावर बोट दाबून धरलं. तापलेल्या विटेला आतून जाळ लागावा असा लाल.

मास्तरणीला वाटलं, आता सासूबाई तो खिडकीशी नेतील, कडेने बघतील. आयुष्यात दुसऱ्याने जुळवलेला रंग त्यांनी तपासल्याशिवाय कधी पुढे जाऊ दिला नव्हता. त्यांनी सरळ कात्री घेतली. खारूच्या बोटाला बोट लावून कडा चाचपली, चौकोन कापला, मागे गोंद लावला आणि दरीवर बसवून अंगठ्याने दाबून धरला.

"बसला?"

"बसला," खारू म्हणाली.

"छान दिसतोय?"

"हो. भाजेल असा."

सासूबाईंनी मान थोडी वळवली आणि तिरप्या नजरेने नातीकडे बघत राहिल्या. खारूला ते जाणवलं. ती खुर्चीवरून उतरली, आजीच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली, मग एक पाऊल डावीकडे सरकली, मग पुन्हा समोर आली. तिने स्वतःच्या पायातल्या मोज्याकडे पाहिलं. मग आईचा पदर धरून, आजीला ऐकू जाऊ नये इतक्या हळू, तिने विचारलं,

"आई, मी आजीच्या मधे आहे का गं, की कडेला?"