पवनेच्या पाण्याची बातमी

काळेवाडीत पवना नदीच्या काठाला सत्तर वर्षं काढून आबाजींनी दोन विद्या कमावल्या होत्या. एक शेतीची. शेतावर चार मजली इमारती उभ्या राहिल्या आणि ती विद्या नुसती अंगात राहिली. दुसरी पाणी ओळखायची. सकाळी काठावर उभं राहून ते नुसत्या रंगावरून सांगायचे, की वरच्या अंगाला आज कुठल्या कारखान्याची शिफ्ट चालू आहे. काळपट तवंग आला की तेलवाले, फेस आला की पावडरवाले, आणि काठाकाठानं पिवळी धार लागली की जयदीपची धातूंवर मुलामा चढवणारी प्लेटिंगची कंपनी. जयदीप त्यांचा थोरला, बारा वर्षं तिथंच होता. तो ओव्हरटाइमला थांबलाय हे साधनाला, म्हणजे त्याच्या बायकोला, नवऱ्याच्या फोनआधी सासऱ्याकडून कळायचं.

लॉकडाऊन लागला आणि आबाजींची विद्या घरी बसली. तिसऱ्या आठवड्यात नदी इतकी नितळ झाली, की तळ दिसायला लागला. तळाला चपला होत्या, एक मिक्सर होता आणि एक आख्खा कमोड होता. चौथ्या आठवड्यात त्या कमोडात मासे राहायला आले. जयदीपची आठ वर्षांची मुलगी मैत्री आजोबांबरोबर ते बघायला जाऊ लागली. मासे महापालिकेनं सोडले असणार, असं तिचं ठाम मत होतं. ते आपले आपण आले, हे आबाजींनी दोनदा सांगून पाहिलं. पवनेत असं काही आपोआप होतं यावर तिचा विश्वास बसेना.

घरात जयदीप फोन उराशी धरून बसलेला. अंघोळीला गेला तरी फोन मोरीच्या कट्ट्यावर. मालकानं सांगून ठेवलं होतं, की कंपनी उघडली की आधी दहाजणांना बोलावीन, बाकीच्यांचं नंतर बघू. हे ‘नंतर बघू’ म्हणजे काय, ते कंपनीत कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

आबाजी नदीवरून आले की जयदीप दारातूनच विचारायचा, “आबा, पाणी?”

“नितळ.”

मग तो निवांत चहा घ्यायचा. पाणी नितळ म्हणजे कंपनी बंद, आणि कंपनी बंद म्हणजे अजून कुणालाच फोन गेलेला नाही. आबाजींनाही बरं वाटायचं, पण वेगळ्या कारणानं. पोरगा बिनकामाचा बसलाय आणि आपण नदी बघून खूश होतोय, याची त्यांना चोरी वाटायची. ती त्यांनी कुणाला सांगितली नाही.

मे महिन्यात एका सकाळी काठाला पिवळी धार दिसली. आबाजींनी खाली वाकून वास घेतला, काठीनं पाणी ढवळून पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा आपलं चुकावं असं त्यांना फार वाटलं. पण चुकलं नव्हतं. त्यांनी काठावरच पडलेली कोल्ड्रिंकची बाटली घेतली, भरली आणि घरी आणून पोरासमोर ओट्यावर ठेवली.

जयदीपनं बाटली उजेडात धरली. “आमच्याच लाइनचं पाणी आहे.”

“फोन न्हाई आला?”

“ट्रायल घेत असतील.”

“तुज्याबिगर?”

जयदीपनं फोन बघितला. रेंज पूर्ण होती, चार्जिंग पूर्ण होतं.

आबाजींनी त्याला तिथंच बसू दिलं नाही. आत्ताच्या आत्ता गेटवर जा म्हणाले, आणि बाटली घेऊन जा. वॉचमन म्हणेल, कंपनी बंद आहे. मग हे कुठून आलं, असं विचार. यापलीकडे त्यांच्या मनात काही नव्हतं.

पुलावर पोलिसानं अडवलं आणि बाटलीत काय आहे ते विचारलं. जयदीप म्हणाला, सॅम्पल. पोलीस सहा फूट मागं सरकला आणि लांबूनच काठीनं पुढची वाट दाखवली.

दुपारी जयदीप रिकाम्या हातानं परत आला, आणि बराच वेळ हात धूत राहिला. मग हळूहळू सगळं सांगितलं. कंपनी परवानगीआधीच गुपचूप चालू झाली होती. वॉचमननं बाटली बघितली आणि थेट मालकाला बोलावलं. बारा वर्षांत पहिल्यांदा मालकानं बसायला खुर्ची दिली, चहा मागवला, आणि हे पाणी आणखी कुणाकुणाला दाखवलंस, असं विचारलं.

“मग तू काय म्हनालास?”

“म्हटलं, अजून कुणाला नाही.”

त्या ‘अजून’मध्ये किती ताकद होती, हे मालकाचा चेहरा बघेपर्यंत जयदीपच्याही ध्यानात आलं नव्हतं. बाटली मालकानं ठेवून घेतली आणि जयदीप अकरावा माणूस म्हणून उद्यापासून कामावर.

साधनानं हातातलं काम टाकून देवापुढं दिवा लावला. आबाजींनीही हात जोडले.

“काम तेच?” त्यांनी विचारलं.

जयदीप मैत्रीकडं बघून आवाज खाली आणत म्हणाला, “सांडपाण्याच्या टाकीचा कॉक माझ्याकडं दिलाय. थोडं थोडं सोड म्हणालेत. दिसणार नाही.”

“मला दिसंल की.”

आबाजींनी ते पुढं ताणलं नाही. पोराला काम मिळालं होतं, आणि ते मिळावं म्हणून बाटली त्यांनीच भरली होती. त्यांनी एवढंच विचारलं, की कॉक किती वाजता उघडायचा.

“साडेआठला.”

“मंग आमी साडेसातलाच नदीवर जाऊन येतो,” आबाजी म्हणाले, आणि मैत्रीला उद्या लवकर उठायचं म्हणून सांगायला गेले.