काल्याच्या दिवशीची गोळी

भिलाईजवळच्या उतईच्या मंदिरात सप्ताहाचा शेवटचा दिवस. रामाजी महाराज काल्याच्या कीर्तनाला उभे होते. सकाळचे साडेदहा वाजले होते, मागच्या मंडपात बुंदीचा गंज चुलीवरून उतरला होता, आणि जानेवारीचं कोवळं ऊन बायकांच्या रांगेपर्यंत आलं होतं.

गोपाळ आपापल्या शिदोऱ्या सोडतात आणि देव त्या एकत्र कालवतो, हा प्रसंग चालला होता. रामाजींचा आवाज भरून आला. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, अंगरखा पाठीला चिकटला.

"पाय माय, कसे रंगले महाराज!" शेजारच्या कौशल्याबाईंनी हात जोडले. "असा भाव येकाद्यालेच येते."

गुंजन आपल्या बाबांकडे पाहत होती. थंडीत इतका घाम? एकच वाक्य ते तिसऱ्यांदा म्हणाले. टाळ चुकला. हेमराजकाकांनी मृदंगाचा हात वाढवून ती चूक झाकली आणि सभेला वाटलं, रंग चढला.

गुंजन भिलाईच्या एका खाजगी दवाखान्यात, अतिदक्षता विभागात सहा वर्षं नर्स होती. दीड वर्षापासून तिथंच तिचं नर्स प्रॅक्टिशनरचं शिक्षण चालू होतं. आठ तास ड्यूटी, मग वर्ग, मग उरलेल्या झोपेतून अभ्यास. हे शिक्षण पुरं झालं की ठरलेल्या चौकटीत तिला औषधाचा डोस बदलता येणार होता. परीक्षा महिन्यावर आली होती.

पंधरा दिवसांपूर्वी घरी बाबांची साखर दोनशे साठ निघाली, तेव्हा ती म्हणाली होती, "बाबा, उद्यापासून सकाळी साखरेची एक नाही, दोन गोळ्या घ्या."

"डॉक्टरले विचारा लागन का?"

"मीच आहे ना आता."

बोलताना तिला बरं वाटलं होतं. फार बरं.

ती आईकडे सरकली. "आई, बाबांनी सकाळी काय खाल्लं?"

"खातीन कसे?" सिंधुताई कुजबुजली. "हंडी फुटून काला हातात पडेपर्यंत पानी बी घेत नाई थे. तू तर दरसाल ड्यूटीवर असते, तुले काय मालूम!"

"आणि गोळी?"

"घेतल्या ना, दोन्ही. तुळशीच्या पानासंगं कोरड्याच गिटल्या. म्हने, लेकीनं सांगितलं हाय, चुकवाची नाई."

गुंजननं पर्स उचलली.

कीर्तनकाराच्या गळ्यात हार पडला की त्या जागी उभा माणूस कोणाचा बाप नसतो, कोणाचा भाऊ नसतो. आरती होईपर्यंत त्याला कोणी हाक मारत नाही, त्याच्यासमोरून कोणी जात नाही. गुंजन याच मंदिरात, याच सतरंजीवर हे शिकली होती. ती उठली आणि सरळ मधून चालत गेली.

"गुंजन! बस खाली!" हेमराजकाका दबक्या आवाजात ओरडले. "काला व्हाचा हाय अजून!"

"काका, मृदंग थांबवा."

"शिकली म्हून देवापेक्षा मोठी झाली का तू?"

तिनं बाबांचा दंड धरला. बाबांना खाली बसवलं, पर्समधलं यंत्र काढून बोटाला सुई टोचली. साखर अडतीस; सत्तरच्या खालीच धोका. सभेत कुजबुज वाढली. कोणीतरी साखरेचं पाणी आणलं, पण रामाजींनी ओठ घट्ट मिटून घेतले. त्यांची नजर तिच्यावर होती आणि तिला ओळखत नव्हती.

"शेवंता," ते म्हणाले, "गाय आली का वं?"

शेवंता म्हणजे त्यांची बहीण. जाऊन तीस वर्षं झाली होती.

"आली, दादा," गुंजन म्हणाली. "हे घे, पी."

बहिणीच्या हातचं ते प्यायले.

हेमराजकाकांच्या गाडीतून वीस मिनिटांत ते गुंजनच्याच दवाखान्यात पोचले. डॉक्टर देवांगन मॅडम तिथं होत्या, ज्यांच्या हाताखाली ती शिकत होती. शिरेतून साखर दिली आणि दहा मिनिटांत रामाजी उठून बसले. साखर एकशे साठ.

"काला झाला का?" त्यांनी पहिलं हेच विचारलं.

"तुमाले सोडून कसा होईन?" हेमराजकाका हसले. "चारशे मानूस पंगतीले थांबून राह्यलं, महाराज. हंडी तशीच लटकून हाय."

मॅडमनी विचारलं, "शुगर की कौन सी गोली लेते हैं, कितनी?"

सिंधुताईनं पिशवीतून जुनी चिठ्ठी काढून दिली आणि ती रामाजींचा अंगरखा सारखा करायला वळली. चिठ्ठीवर एक गोळी लिहिली होती.

"एक ही ना?" मॅडमनी गुंजनकडे पाहिलं.

खोलीत बरीच माणसं होती. तिच्या मागून शिकायला आलेल्या दोघी मुलीही होत्या. गुंजननं मान हलवली. हो.

"उपवास में कैसे लेते हो, बाबा? अब खाना खिलाओ, घर ले जाओ."

सगळ्यांचे चेहरे उजळले. गुंजन स्वतःला समजावत होती. मी आहे ना घरी. तासातासाला साखर बघेन, रात्रभर जागेन. कोणाला काही कळायची गरज नाही. पण असल्या गोळीचा असर दिवसदिवस उतरत नाही, वरून दिलेली साखर जळून गेली की खाली तीच दरी, हे ती स्वतःच नव्या मुलींना समजावून सांगायची. दिवाळीत असाच एक म्हातारा बरा म्हणून घरी गेला होता. सकाळी सुनेनं चहाला उठवायला पाहिलं तर उठेना. मग नऊ दिवस त्या बेशुद्ध माणसाची कूस गुंजननंच बदलली होती.

गाडीत बसल्यावर रामाजींनी विचारलं, "काला झाला का?"

"आत्ताच तर सांगितलं, महाराज!"

गाडी दवाखान्याच्या फाटकाशी आली. रामाजी खिडकीबाहेर पाहत होते. "काला झाला का?"

सिंधुताईनं पदरानं त्यांचं कपाळ पुसलं. "ऊन लागून राह्यलं यायले." पदर ओला झाला. गाडीत ऊन नव्हतं.

"काका, गाडी वळवा," गुंजन म्हणाली.

"आता काऊन?"

"वळवा म्हणते ना!"

मॅडम अजून तिथंच होत्या. त्या दोघी मुलीही. गुंजन दारातच बोलली, कारण आत जाईपर्यंत धीर राहिला नसता. "मॅडम, दोन गोळ्या. मीच एक वाढवली. पंधरा दिवस झाले."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "किडनी का रिपोर्ट देखा था?"

"नाही."

रामाजींना पुन्हा आत घेतलं, सलाइन लागलं, रक्त तपासायला गेलं. तासाभरात कागद आला. मूत्रपिंडं अर्ध्याहूनही कमी काम करत होती. दोन गोळ्या त्या शरीरात चार झाल्या होत्या, आणि पंधरा दिवस साचत होत्या.

"तेरी ये बात मुझे ऊपर तक भेजनी पड़ेगी," मॅडम म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, तो चढला असता तर बरं झालं असतं. "डोस बढ़ाया, वो एक बात. मैंने पूछा, तूने सिर हिलाया. परीक्षा का अब मत सोच. और आज तू यहाँ नर्स नहीं है. बाहर बैठ."

ती बाहेर येऊन आईशेजारी बाकावर बसली. हेमराजकाका हंडी उतरवायला सांगण्यासाठी फोन करत लांब गेले होते. दुपारचे तीन वाजत आले होते.

"तुले कोन्या डॉक्टरनं सांगितली वं एवढी गोळी?" सिंधुताई एकदम म्हणाली. "हात झडो त्याचा."

"आई."

"सोन्यासारखा मानूस उभा होता माहा कीर्तनाले. आन त्यानं—"

"आई, मी दिली. कोणाला न विचारता. मी."

आत यंत्र वाजू लागलं, तो लांब, न थांबणारा सूर गुंजनच्या ओळखीचा होता. कोणीतरी म्हणालं, "शुगर फिर गिरी, इकतालीस!" पावलं धावली. सवयीनं गुंजन उठली आणि दाराला हात लावला.

आतून तिनंच शिकवलेल्या मुलीनं दार अर्धं धरलं. "दीदी, आप नहीं." आणि लावून घेतलं.

सिंधुताईनं डोक्यावर पदर ओढला, लेकीकडे पाहिलं नाही, आणि नाम घ्यायला सुरुवात केली. गुंजनलाही घ्यायचं होतं. जीभ वळेना. ती दाराशी उभी राहून आतला आवाज थांबायची वाट पाहत होती. तो कशामुळे थांबेल, बाबा सावरले म्हणून की गेले म्हणून, ते तिला कळत नव्हतं.