सी-सातमधला अंगठा

मी एक जुना रंगमापक आहे. आता अडगळीच्या खोलीत, एक पाय मोडलेली खुर्ची आणि बंद पडलेला पंखा यांच्यामध्ये माझा मुक्काम आहे. पंख्याला वारं घालण्यापलीकडे काही येत नव्हतं, आता तेही येत नाही. खुर्चीवर कुणी विसंबत नाही. म्हणून म्हटलं, मित्रांनो, तुमच्याशीच बोलावं.

माझी घडण साधी. खाली एक दिवा, वर एक डोळा. मेंदू नावाला नाही, तरी पंधरा वर्षं मोठमोठे डॉक्टर माझ्या शब्दावर चालत. दिवा आणि डोळा यांच्यामध्ये शहाण्णव खळग्यांची पारदर्शक प्लेट सरकवायची. खळग्यातलं पाणी जितकं पिवळं, तितका उजेड वर कमी पोचतो. किती कमी पोचला, ते मी कागदावर छापायचो. झालं माझं चरित्र.

पण तो पिवळा रंग कशाचा, हे ऐका. प्रयोगशाळेत एचआयव्ही असलेल्या माणसांचं रक्त यायचं. त्यातला विषाणू वेगळा काढून, धुऊन, मग फोडून टाकत. विषाणू संपला. मात्र त्याच्या पोटात एक नकलनवीस असतो, त्याला एन्झाइम म्हणतात. मालक मेला, घर फुटलं, तरी हा पठ्ठ्या समोर येईल त्याच्या नकला उतरवतच राहतो. त्याने जितक्या नकला उतरवल्या, तितका शेवटी खळगा पिवळा. त्यावरून रक्तात विषाणू किती होते ते कळायचं. थोडक्यात, मी पंधरा वर्षं मेलेल्यांच्या कारकुनांची हजेरी घेतली. रजेवर कुणीच नसायचं.

प्रयोगशाळेच्या प्रमुख होत्या थोरल्या बाई. माझ्यावर त्यांची माया होती, विश्वास नव्हता. प्लेट माझ्यात सरकवण्याआधी त्या ती खिडकीच्या उजेडात धरायच्या आणि कुठला खळगा किती पिवळा होणार, याचा अंदाज सांगायच्या. त्यासाठी हातमोजा काढायच्या. हातमोजा घातला की नजर जाड होते, असं त्यांचं शास्त्र होतं. अंदाज बहुतेक वेळा बरोबर यायचा, म्हणून शास्त्राला कुणी हात लावला नाही.

एके दिवशी प्लेट आत आली आणि सी-सात या खळग्याखाली मला अंगठा दिसला. अंगठा म्हणजे त्याचा तेलकट ठसा, भोवऱ्यासारख्या रेघांचा. वरचं पाणी जवळपास स्वच्छ होतं. पण मला रंग आणि मळ यांतला फरक सांगता येत नाही. उजेड अडला की अडला. मी मोठा आकडा छापला. खरा रंग तासागणिक गडद होत जातो, म्हणून प्लेट तीनदा वाचायची असते, सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी. तिन्ही वेळा अंगठा तिथेच होता. थोरल्या बाईंनी नेहमीसारखा संध्याकाळचा आकडा तेवढा अहवालात उतरवला.

सी-सात म्हणजे एक शिवणकाम करणारी बाई. डॉक्टरांची खोली माझ्या शेजारीच, मध्ये पातळ फळी.

"गोळ्या चुकवल्यास?" डॉक्टरांनी विचारलं.

"एकही नाही हो. डबी मशीनवरच ठेवलीये. गोळी घेतल्याशिवाय मी सुईत दोरा ओवत नाही."

"मग यंत्र खोटं बोलतंय?"

तिची थोरली बहीण सोबत होती. ती म्हणाली, "यंत्र कशाला खोटं बोलेल? त्याला कुठे हिच्यासारखं माहेरी राहायचंय."

शिवणवाली पिशवी उचलून निघाली. मी काही बोललो नाही. मला तर तोंडच नाही, पण ही सबब मला स्वतःलाच पटत नाही.

तीन आठवड्यांनी थोरल्या बाईंच्या हाताखालच्या धाकट्या बाई जुने कागद लावत होत्या. "बाई, हा सी-सात बघा. बाकीचे खळगे दर वेळी गडद होत गेलेत. हा सकाळपासून संध्याकाळपर्यंत तेवढाच. इतका समाधानी विषाणू मी पाहिला नाही."

थोरल्या बाईंनी कागद बघितला, मग स्वतःचा उजवा अंगठा बघितला. "त्या दिवशी डोकं ठणकत होतं," त्या म्हणाल्या. "बाम चोळला होता."

शीतपेटीत तिचं थोडं रक्त शिल्लक होतं. पुन्हा तपासलं. खळगा फिका, अगदी पाण्यासारखा. त्यांनी लगेच फोन लावला. तो बहिणीने उचलला. "ती गेली घर सोडून. कुठे ते आम्हाला सांगितलं नाही," एवढं बोलून तिने ठेवला.

शिवणवाली परत आली ती अकरा महिन्यांनी, निम्मी होऊन. गोळ्या सोडल्या होत्या. "घेऊनही न घेतल्यासारखंच, मग कशाला घ्यायच्या," ती नमुने घेण्याच्या खिडकीशी म्हणाली. या वेळी प्लेट खालून पुसलेली होती. सकाळी तिचा खळगा पिवळा, दुपारी गडद, संध्याकाळी त्याहून गडद. माझं खोटं खरं झालं होतं.

थोरल्या बाई स्वतः खिडकीशी गेल्या. "तेव्हा तुझंच खरं होतं. तो माझा अंगठा होता."

तिने त्या अंगठ्याकडे बघितलं. मग तिने पिशवीतून फोन काढला. "एवढं अक्काला सांगाल? मी लावून देते."

थोरल्या बाईंनी सांगितलं. पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही.

तिच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. पण तिचा पुढचा नमुना यायच्या आधीच नवीन यंत्र आलं आणि मला इथे आणून ठेवलं. तो खळगा फिका झाला की नाही, मला कुणी सांगितलं नाही. माझा दिवा कधीच विझलाय, तरी या अंधारात एक गोष्ट मला रेघ न् रेघ दिसते. तो अंगठा.

मित्रांनो, प्लेट खालून पुसत जा. आकडे तिन्ही वाचत जा. आणि कुणी "गोळी घेतली" म्हणालं, तर माझ्यासारख्याचं ऐकण्याआधी घटकाभर त्याचं ऐका. माझ्यावर धूळ साचली आहे, ती राहू द्या. फक्त तिच्यात बोटाने नाव लिहू नका. ठसे मी विसरत नाही.