पाणी पिण्याचं व्रत

“मुलीला उपाशी ठेवून कसली पुण्याई पदरात पडते हो तुमच्या?” हेडसरांनी विचारलं, आणि अश्लेषाच्या आईने मान खाली घातली.

अश्लेषा शेजारीच उभी होती. आदल्या दिवशी, चारशे मीटरच्या सरावात, शेवटच्या वळणावर तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती मैदानावर कोसळली. खेळ शिकवणाऱ्या टोनी सरांनी उचलून सावलीत नेलं, तोंडावर पाणी मारलं. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, “आज मार्गशीर्षातला गुरुवार. उपास असेल हिचा.” झालं, तेवढं पुरे होतं. नववीतल्या अश्लेषाची आई फार देवाधर्माची, हे सगळ्या शाळेला ठाऊक. पहाटेची तुळशीपूजा, सोमवार, चतुर्थी. गुरुवारी घट मांडला की संध्याकाळच्या आरतीपर्यंत पाण्याचा थेंबही न घेणारी बाई. मग मुलगी उपासानेच पडली, दुसरं काय असणार?

“सर, माझा उपास नव्हता. मी बशीभर पोहे खाऊन आले होते,” अश्लेषा म्हणाली.

“मोठ्यांच्या मधे बोलू नकोस. सोमवारी आरोग्य सप्ताहाला तालुक्याहून डॉक्टरबाई येतायत. त्यांच्यासमोर आमची मुलगी अशी आडवी झाली तर शाळेची काय शोभा राहील? रिलेच्या संघातून नाव काढलंय हिचं.” मग आईकडे वळून ते समजुतीच्या सुरात म्हणाले, “मुलींना मुळात खेळायचंच नसतं हो. बळेबळे उभं करावं लागतं.”

“माझंच काही चुकलं असेल,” आई हळूच म्हणाली. “पण तिला धावू द्या, सर.”

चुकलं! तो शब्द अश्लेषाच्या छातीत निखाऱ्यासारखा पडला. फाटकाबाहेर येईपर्यंत तिने ओठ घट्ट मिटून धरले. रस्त्याकडेला एका सोसायटीत टँकर रिकामा होत होता, नळीच्या सांध्यातून पाणी गळत होतं. आई सवयीने पदर सावरून ओल चुकवायला लागली आणि अश्लेषाचा संयम सुटला.

“तू कशाला चुकलं म्हणालीस?”

“गुरुजनांशी वाद घालू नये, अशू.”

“मी तुझ्या उपासाने पडले नाही, आई. मी शाळेत पाणीच पीत नाही. कुणीच मुली पीत नाहीत.”

आई थांबली. “म्हणजे?”

मग अश्लेषाने एका दमात सगळं सांगून टाकलं. दिवाळीच्या सुट्टीत मुलींच्या बाथरूमला नव्या फरशा बसल्या, बाहेरच्या भिंतीवर गुलाबी कमळं रंगवली, वर ‘निरोगी मुलगी, निरोगी शाळा’ असं लिहिलं. आणि पाहुण्यांना सगळं चकचकीत दिसावं म्हणून दाराला कुलूप घातलं. किल्ली ऑफिसात, बळीराम शिपायाच्या खुर्चीमागे खिळ्याला. मागायला जावं तर तिथे दहावीचे मुलगे उभे, क्लार्क मान वर करून विचारणार, “आता कशाला? मघाशीच सुट्टी झाली ना?” ते एकदा ऐकलं की मुलगी पुन्हा किल्ली मागत नाही. घरून भरून आणलेली बाटली तशीच भरलेली घरी नेते. गास गावाहून सायकलने येणारी मर्सी तर सकाळी चहासुद्धा टाळते.

“खेळायला सगळ्यांना हवंय गं. पण खेळलं की तहान लागते. म्हणून पोटात दुखतंय सांगून कट्ट्यावर बसायचं. मला नाही बसवत, म्हणून मी तशीच धावते. आणि हे म्हणतात, मुलींना खेळायचंच नसतं!”

आईने सावरलेला पदर तसाच ओलीत सोडून दिला. ती कधी आवाज चढवत नसे. शेजारच्या बाईने कचरा दारात लोटला तरी ती ‘अहो, जरा’ एवढंच म्हणायची. आत्ताही ती हळूच बोलली, पण अश्लेषाने तिच्याकडे चमकून पाहिलं.

“मी पाणी सोडते ते माझ्या मनाने, देवीच्या पायाशी बसून. तुझ्याकडून कुणी सोडवलं? दुसऱ्याने गळ्यात बांधलेल्याला व्रत नाही म्हणत, अशू.”

“मग काय करू?”

“तुझं तू व्रत घे. पाणी पिण्याचं घे. पण एकदा घेतलंस की कुणी डोळे वटारले तरी मोडायचं नाही. तेवढं जमणार असेल तरच घे.”

रविवारी अश्लेषाने मर्सीला फोन लावला.

“वेडी झालीस का? सगळ्यांसमोर?” मर्सी ओरडली. “मम्मी माझी चामडी सोलेल.”

“तुझी मम्मी चर्चमध्ये सगळ्यांच्या वरच्या पट्टीत गाते. ती काय आवाजाला घाबरणार?”

“ते देवाचं गाणं आहे, बाई!”

“हे पण देवाचंच समज. बाकीच्या पोरींना सांग, बाटल्या काठोकाठ भरून आणा.”

सोमवारी मैदानावर मांडव पडला. हार झाले, नारळ झाला, स्वागतगीत झालं. चष्म्यातल्या डॉक्टरबाई उभ्या राहिल्या. या वयात मुलं, त्यातही मुली, खेळायला नाखूश का असतात यावर त्या बोलल्या. मोबाइल आला, आळस आला, चिप्सची पाकिटं आली. शेवटी त्या म्हणाल्या, “आणि भरपूर पाणी प्या, मुलींनो. तहान लागायची वाट पाहू नका.”

अश्लेषा उठली. हातात काठोकाठ भरलेली बाटली होती.

“मॅडम, आत्ताच प्यायलं तर चालेल?”

हशा पिकला. डॉक्टरबाईही हसल्या. “चालेल की!”

अश्लेषाने बाटली तोंडाला लावली आणि खाली ठेवली ती रिकामीच. मागे मर्सी उभी राहिली. मग हेमांगी. मग नववीची रांगच्या रांग, आठवीतल्या चिमुरड्यासुद्धा. मांडवात नुसता घटाघटा आवाज.

“शाबास, शाबास! बसा आता,” हेडसर म्हणाले.

कुणी बसलं नाही.

“सर, आता आम्हाला जायचंय,” अश्लेषा म्हणाली.

“कुठे?”

“कमळांच्या भिंतीकडे.”

मुलांच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, “ए, टँकर चालले रे!”

“हो, टँकरच,” अश्लेषा वळून म्हणाली. “हॉर्न ऐकू नाही आला? हट बाजूला!”

या वेळी हसल्या त्या मुली. हसत हसतच त्यांची रांग मांडवातून निघाली आणि त्या कुलुपापाशी जाऊन थांबली. मागोमाग हेडसर, त्यांच्या मागे डॉक्टरबाई.

“याला कुलूप का आहे?” बाईंनी विचारलं.

“स्वच्छतेसाठी, मॅडम.”

बाईंनी भिंतीवरची अक्षरं वाचली, मग मुलींचे चेहरे पाहिले. “मघाचं माझं भाषण उगाचच झालं म्हणायचं,” त्या पुटपुटल्या.

हेडसरांचे कान लाल झाले. “बळीराम! किल्ली!”

“आनतो, आनतो,” बळीराम ऑफिसाकडे पळत म्हणाला. “पोरींनो, जरा दम धरा!”

“दिवाळीपासून तेच करतोय, काका,” मर्सी म्हणाली.

कुलूप उघडलं. बळीरामने ते कडीलाच लटकवलं. अश्लेषा सगळ्यांत शेवटी आत गेली, आणि बाहेर आली तेव्हा कडीला कुलूप नव्हतं.

मंगळवारी सकाळी रिलेची शेवटची निवड होती. हेडसर फाटकातच उभे होते.

“कुलूप कुठे आहे?”

“घरी आहे, सर.”

“उद्या घेऊन यायचं.”

“नाही आणणार, सर. आईने देवापुढे ठेवलंय. पाणी घातलेल्या कलशाशेजारी, हळदकुंकू लावून.”

“हा काय पोरखेळ आहे? आईला बोलावून घे!”

“येईल ती. पण देणार नाही. आम्हा दोघींचं व्रत आहे.”

“कसलं व्रत? आणि किती दिवसांचं?”

“पाणी पिण्याचं, सर. आणि याचं उद्यापन नसतं.”

हेडसरांनी तोंड उघडलं. पण फाटकातून मुली आत येत होत्या, प्रत्येकीच्या हातात बाटली, आणि कुठलीही आज खाली बघून चालत नव्हती. त्यांना वाट द्यायला ते बाजूला सरकले.

मैदानाच्या टोकाला टोनी सर चुन्याच्या रेषेपाशी उभे होते. त्यांनी एकदा हेडसरांकडे पाहिलं, एकदा अश्लेषाकडे, आणि खणखणीत आवाजात हाक मारली, “चारशेवाल्या, रेषेवर या! अश्लेषा, तुला वेगळं आमंत्रण देऊ काय?”

अश्लेषा उभ्या उभ्या पोटभर पाणी प्यायली, तिने ओठ पुसले आणि बाटली मर्सीच्या हातात दिली.

“अगं, धावायच्या आधी एवढं? पोटात डुचमळेल की,” मर्सी म्हणाली.

“डुचमळू दे,” अश्लेषा म्हणाली आणि रेषेवर जाऊन वाकली.