डाव्या गालावरची सुरकुती

डेव्हलपरमध्ये कागद बुडवला की आधी गडद भाग दिसू लागतात: केस, नाकपुड्या, स्वेटरची कड. चेहरा सगळ्यात शेवटी येतो. लाल दिव्याखाली ट्रे हलवत चिऊ त्याचीच वाट बघत होती. चेहरा आला, आणि तो सरळ होता.

चुकीची निगेटिव्ह लागली असं तिला आधी वाटलं. पण खिडकी तीच होती, स्वेटरही तोच. फोटो काढला त्या दिवसांत आईच्या चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली होती. ओठाचा कोपरा ओघळलेला, पापणी मिटत नसल्याने डोळ्याचा पांढरा भाग उघडा, आणि स्नायूच ओढत नसल्याने तो गाल एखाद्या तरुण बाईसारखा गुळगुळीत. या प्रिंटमध्ये मात्र डोळे सारखे होते, ओठ नीट मिटले होते आणि डाव्या गालावर नाकापासून ओठापर्यंत एक व्यवस्थित सुरकुती होती.

चौतिशी उलटली तरी घरात ती चिऊच. तिचा कॅमेरा लाकडी, पुढे भाता, मागे काळं कापड; फिल्म वहीच्या पानाएवढी, एका वेळी एकच. आईचा आजार सुरू झाल्यापासून चेहरा पुन्हा जागेवर येईपर्यंत चिऊ तिला त्याच खिडकीत बसवून फोटो काढत राहिली. प्रिंटसाठी हवा तो कागद लांबून मागवावा लागला. तो येईपर्यंत निगेटिव्ह बाबांच्या स्टुडिओतल्या कोरड्या कपाटात होत्या. गॅलरीवालीने त्या फक्त मोबाइलवर, अंधुक, पाहिल्या होत्या आणि तेवढ्यावर प्रदर्शनात एक अख्खी भिंत देऊ केली होती. चिऊला भिंत पहिल्यांदाच मिळत होती.

तिने निगेटिव्ह बाहेर आणून उजेडात तिरकी धरली. पेन्सिलीचं शिसं चमकलं. शेजारी बारीक, समांतर ओरखडे होते. सुरीने फिल्मचा थर खरवडला होता. मग तिने सगळा डबाच उघडला. सगळ्यांवर हात फिरला होता.

बाबा स्टुडिओच्या पुढच्या काउंटरवर पासपोर्टचे फोटो कापत होते.

"बाबा, माझ्या निगेटिव्हना हात लावलात?"

"लावला की. कशा आल्या?" त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "डोळ्याने जीव काढला माझा. पांढरं खरवडायचं म्हणजे जरा जास्त गेलं की भोक."

"कोणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"सांगायला कशाला लागतं? या दुकानातून एक गिऱ्हाईक कधी वाकड्या तोंडाने बाहेर पडलेलं नाही."

"ती गिऱ्हाईक नव्हती. आई होती."

"म्हणून तर."

रिटचिंगचं उतरतं टेबल त्यांनी माळ्यावरून काढलं होतं. संगणक आल्यापासून त्यांच्या पेन्सिलींना कोणी विचारत नव्हतं. आयुष्यभर लोकांच्या सुरकुत्या बुजवणाऱ्या माणसाने इथे पहिल्यांदा एक सुरकुती घालून दिली होती, आणि ती इतकी अचूक होती की चिऊला रागातही ते दिसलं. उजव्या गालावरच्या रेषेचा कोन त्यांनी बरोबर डावीकडे आणला होता.

टर्पेंटाइनमध्ये बुडवलेल्या कापसाने तिने एक निगेटिव्ह पुसून पाहिली. पेन्सिल निघाली. पण खरवडलेल्या जागी फिल्मवर चित्र धरून ठेवणारी चांदीच उरली नव्हती. तिथे परत काय आणणार? आता चेहरा ना आईचा राहिला, ना बाबांनी घडवलेला. तिने कापूस फेकून दिला.

गॅलरीवालीला तिने तरीही प्रिंट दाखवले. त्या बाईने ते टेबलावर पसरले, पुन्हा गोळा केले.

"छान आहेत," ती म्हणाली. "पण आपलं बोलणं याबद्दल झालं नव्हतं ना? मला ते डोळे हवे होते."

"ते आता नाहीत."

"परत काढता येतील?"

"आई बरी झाली," चिऊ म्हणाली, आणि आपण हे तक्रार केल्यासारखं बोललो हे तिच्या लक्षात आलं. भिंत दुसऱ्या कोणाला तरी गेली.

घरी आई भाजी निवडत होती. प्रिंट तिने हात पुसून घेतला आणि लांब धरून पाहिला.

"चांगली दिसतेय की गं मी!"

"तू अशी दिसत नव्हतीस तेव्हा."

"माहितेय मला. आरसा होता घरात." तिने प्रिंट पालथा ठेवला. "उगाच त्यांच्यावर चिडू नकोस. मीच म्हटलं होतं, जमेल तेवढं नीट करा."

"मला का नाही सांगितलंस? दर वेळी विचारायचे मी. दर वेळी तू काढ म्हणायचीस."

"तू कुठे असायचीस विचारताना? डोकं त्या काळ्या कापडात. कापडाला काय नाही म्हणायचं?"

"आई, हे माझं काम आहे."

"असेल. तोंड माझं होतं." एवढं बोलून तिने भाजीची परात पुन्हा पुढ्यात ओढली. "चहा ठेवतेस का जरा?"

चिऊने चहा ठेवला.

काही दिवसांनी ती कॅमेऱ्याचा स्टँड न्यायला स्टुडिओत गेली. काचेच्या शोकेसमध्ये, लग्नाच्या जोडप्यांच्या मधोमध, आईचा फोटो चौकटीत लावला होता आणि खाली कोपऱ्यात स्टुडिओचा शिक्का. आत एक बाई उभी होती.

"बाहेरच्या त्या बाईंसारखा हवाय. माझ्या सासूबाईंचा. त्यांच्या गालावर मोठा डाग आहे भाजल्याचा, तेवढा..."

"जाईल," बाबा म्हणाले. कित्येक वर्षांत त्यांचा आवाज असा लागला नव्हता. "चिऊ, बरी आलीस. कॅमेरा कधी आणतेस?"

"ते माझं काम नाही, बाबा."

"मग तुझं कुठलं?"

त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं, आणि कळावं म्हणून पुढे ठेवायला तिच्याकडे आता हात न फिरलेली एकही निगेटिव्ह नव्हती. तिने स्टँड खांद्यावर घेतला. दारातून बाहेर पडताना मागून बाबांचं बोलणं ऐकू आलं.

"मुलीनेच काढलाय तो. हात चांगला आहे तिचा. फक्त फिनिशिंगमध्ये जरा कमी पडते."